हनुवटी अर्धं बोट मागे

९ जून

मावशी,

नमस्कार वगैरे तू मनावर घेत नाहीस, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. मोबाइलवर लिहिलं असतं, पण तिथे मी दहा ओळी लिहिल्या की तू एक अंगठा पाठवतेस. हे अंगठ्यावर भागण्यासारखं नाही.

मी जबड्याचं ऑपरेशन करून घ्यायचं म्हणते आहे.

दुखत काही नाही. चावता येतं, गिळता येतं, आणि बोलता किती येतं ते तर तुला ठाऊकच आहे. मिठू नाव काही उगाच नाही पडलं. प्रश्न दिसण्याचा आहे, नुसता दिसण्याचा. खालचा जबडा पुढे आलेला आणि शिवाय डावीकडे कललेला. मी दारात पोचायच्या आधी माझी हनुवटी पोचते. शाळेत मला ‘उघडा ड्रॉवर’ म्हणायचे. घरी कधी सांगितलं नव्हतं, आज सांगते.

चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली तेव्हा वाटलं होतं, दिवसभर दुसऱ्यांची तोंडं बघायची, आपलं विसरायला होईल. झालं उलटंच. काउंटरवर तीन बाजूंनी आरसे आहेत. गिऱ्हाईक फ्रेम घालून बघतं आणि त्याच्या खांद्यामागे तीन ठिकाणी मी. एक बरी, एक चालेल अशी, आणि डावीकडची मला बघवत नाही. मी लोकांच्या डोळ्यांमधलं अंतर पट्टीने मोजते, एक कान वर असला तर तेवढी काडी वाकवून देते. कुणाचाच चेहरा सरळ नसतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? तरी उपयोग होत नाही. दुसऱ्याचं वाकडं मला गोड वाटतं, स्वतःचं सोसत नाही.

डॉक्टरबाई बऱ्या आहेत, गोड बोलून गळ्यात मारणाऱ्या नाहीत. वरचं आणि खालचं अशी दोन्ही हाडं कापायची, खालचं अर्धं बोट मागे सरकवायचं आणि पट्ट्या-स्क्रूंनी बसवायचं. मग काही आठवडे रबरांनी जबडे बांधलेले, पातळ खाणं, बोलणं बंद. त्यांनी संगणकावर नंतरचा चेहरा काढून दाखवला. बऱ्या घरात पडलेल्या लांबच्या बहिणीसारखी दिसत होते.

आई म्हणते, धडधाकट हाडं कापून घ्यायची म्हणजे सुखाचा जीव दुःखात घालणं. दुकानातल्या मुली म्हणतात, छान तर दिसतेस. सगळ्यांना वाटतं लग्नासाठी चाललंय. तसं काही नाही. पैशांची सोय आहे, तोही प्रश्न सोड. तू तोंडावर खरं बोलणारी एकटी आहेस. शिवाय कान गेल्यापासून तू लोकांचे ओठ वाचून अख्खं पुस्तकबांधणीचं दुकान चालवतेस, ऐकू येत नाही याचा निम्म्यांना पत्ता लागत नाही. तोंडं बघण्यात तुझा हात कोण धरणार? म्हणून तुला विचारते. करू का?

तुझी मिठू


१६ जून

मिठू,

कर.

तुझ्या आईचं मनावर घेऊ नको. ती तुझे केस पहिल्यांदा कापले तेव्हाही रडली होती, आणि तू हसत होतीस. वय तुझं, हाड तुझं, सोय तुझी. ऐकावं जनाचं, करावं मनाचं. सल्ला विचारत हिंडलीस तर दहा जण दहा गोष्टी सांगतील आणि तू तिथल्या तिथे राहशील.

डॉक्टरबाईंना दोन गोष्टी मात्र विचारून घे. नंतर बोलण्यात फरक पडतो का? आवाजाचं नाही म्हणत, तोंड हलतं कसं ते. आणि ओठ पूर्वीसारखे हलायला किती वेळ लागतो? सहज विचारते आहे.

इकडे कामाचा ढीग पडलाय. वकिलांच्या कचेरीतून जाडजूड खंड बांधायला आलेत, प्रत्येकाची पाठ निखळलेली. खळ शिजवायची आणि खंड दाबाखाली ठेवायचे, यातच दिवस जातो. पुढच्या रविवारी नेहमीसारखी येतेस ना?

मावशी


२४ जून

मावशी,

विचारून घेतलं. बोलणं थोड्या सरावाने सुरळीत होतं. खालचा ओठ काही महिने बधिर राहतो, एखाद्याचा थोडासा कायमचाही. ऑक्टोबरमधली तारीख घेतली आहे.

पुढचं लिहू की नको असं चाललं होतं, पण पोटात ठेवलं तर ते मुरत जाणार, म्हणून लिहिते. मी ज्याला ज्याला सांगितलं, त्या प्रत्येकाने आधी ‘कशाला गं?’ म्हटलं. आमचे मालक, ज्यांच्या तोंडून वर्षात कौतुकाचा शब्द निघत नाही, त्यांनीसुद्धा हातातला चष्मा खाली ठेवला आणि म्हणाले, ‘काय गरज आहे?’ खोटं असेल, पण म्हणाले. तू एकटीने म्हटलं नाहीस. तुझा पहिलाच शब्द ‘कर’.

म्हणजे तुला इतकी वर्षं दिसत होतं. मी समोर बसून बडबडत होते आणि तू माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होतीस. इतकं कुणीच बघत नाही माझ्याकडे. आणि मनात म्हणत असशील, बिचारी. मावशी, तुझ्यापुढे मी कधी हनुवटीवर हात धरला नाही. तेवढी एकच जागा होती मला.

खरं बोल असं मीच म्हटलं होतं, तेव्हा दोष तुझा नाही. पण या रविवारी येत नाही.

मिठू


११ जुलै

मिठू,

येणार नाहीस असं लिहिलं होतंस, तरी त्या रविवारी मी दोघींचा स्वयंपाक केला. रात्री तोच जेवले. दिवसभर कुणाशी बोलले नाही. त्यात नवीन काही नाही म्हणा.

आता हे नीट वाच. तुला वाटतं, मी लोकांचे ओठ वाचते. मी नाही वाचत. मला फक्त तुझे वाचता येतात.

कान गेले तेव्हा तू अकरा-बारा वर्षांची. तुझी आई परगावी नोकरीला आणि तू माझ्याकडे. शाळेतून आलीस की समोर बसून बडबडायचीस आणि मला ओळखायला लावायचीस. चुकले तर पुन्हा, परत चुकले तर पुन्हा. तुझ्याइतका दम कुणाकडे नव्हता. आणि तुझा खालचा जबडा पुढे आहे ना, त्यामुळे खालचे दात, जिभेचं टोक, ओठाची घडी, सगळं उघड्यावर. बाकीच्यांचं सगळं आत चालतं, दार लावून. त्यांचं मी अंदाजाने रेटते. दुकानात ओठ वाचायला लागतातच कुठे? माणूस पुस्तक पुढे करतो, मी कापड दाखवते, तो बोट ठेवतो. नाहीतर कागद पुढे करते. मागच्या वर्षी एक गृहस्थ जुन्या डायऱ्या बांधायला घेऊन आले. काहीतरी बोलले. मी हसून म्हटलं, ‘अरे वा, छान झालं.’ त्यांनी डायऱ्या गोळा केल्या आणि निघाले. ते दाराबाहेर पडल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ते वडील गेल्याचं सांगत होते.

तुझं पहिलं पत्र मी उभ्याउभ्याच वाचलं. मनात पहिलं आलं ते ‘नको’. आणि लगेच कळलं, की हे ‘नको’ तुझ्या भल्याचं नाही, माझ्या सोयीचं आहे. जगात एक तोंड वाचता येतं, तेही कापून सरकवणार. माझी मलाच लाज वाटली. म्हणून घाईघाईने ‘कर’ लिहिलं आणि माघार घ्यायच्या आत पेटीत टाकून आले. तुला ते कसं लागेल हा विचार मनाला शिवलाही नाही. मी माझ्याच लाजेत होते.

आणि तू कशी दिसतेस म्हणशील तर मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. वाचताना अक्षर देखणं आहे का हे कोण बघतं? पुढे काय लिहिलंय एवढंच बघतो आपण. बिचारी तर कधीच म्हटलं नाही. तुझ्याकडे बघते तेव्हा मला ऐकू येत असतं, बाळा. मग आणखी काय बघायचं?

हे तुला अडवायला लिहिलेलं नाही. अडवायचं असतं तर पहिल्याच पत्रात अडवलं असतं.

मावशी


१९ जुलै

मावशी,

दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र आहे, तिथे उभी राहून तुझं पत्र वाचलं. रडले. मग राग आला. आधीचं मागे घेते, ‘बिचारी’वालं. पण राग आहेच.

अगं, आता मी काय करू? नाही केलं, तर तुझ्यासाठी थांबले असं होणार आणि ते जन्मभर कुठेतरी सलत राहणार. केलं, तर तुझे कान दुसऱ्यांदा मी घालवले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तेव्हापासून एकच विचार करते आहे, हे मला हवंय कशाला? मला सुंदर व्हायचं नाही. मला कंटाळा आलाय. सकाळी उठल्यापासून मनाचा एक कोपरा सारखा हनुवटी सांभाळत असतो. कुठल्या बाजूला उभी राहू, फोटोत कुणाच्या मागे जाऊ, हसताना हात केव्हा वर न्यायचा. तो कोपरा मला रिकामा हवा आहे. होईलच असं नाही. डॉक्टरबाईच म्हणाल्या, ‘हाड मी सरकवीन, सवयीचं माझ्या हातात नाही.’ तरी मला करून बघायचंय. तुझं पत्र वाचूनही हे बदललं नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं. थोडी लाजही वाटली. तुझीच भाची.

आता तुझ्याबद्दल. तुझ्या घराजवळच्या केंद्रात खुणांच्या भाषेचा वर्ग चालतो. मी किती वेळा त्याची माहिती आणून दिली, आणि दर वेळी तू म्हणालीस, ‘हातवारे करायला मी काय मुकी आहे?’ तेव्हा मला वाटायचं, खरंच हिला गरज नाही, ही तर सगळ्यांना वाचते. आणि आता कळतंय, अख्ख्या जगाशी बोलायचं काम एका पोरीच्या जबड्यावर टाकून तू निवांत बसली होतीस. मी उद्या बसखाली आले तर? मावशी, एवढा भार कुठल्याच हाडाला झेपत नाही.

तर माझं म्हणणं असं. ऑपरेशन होणार. त्याआधी तू वर्गाला जायचंस. मीही इथे शिकते, नाहीतरी नंतर तोंड बांधलेलंच असणार. तू गेली नाहीस तरी मी करणार आहे. पण मग मला तुझ्या दारात पाऊल टाकवणार नाही, आणि ते तुला चालणार नाही हे मला चांगलं माहीत आहे. याला धमकी म्हण.

रविवारी येते. दोघींचा स्वयंपाक कर.

मिठू


३० ऑगस्ट

मिठू,

परवा तू गेल्यावर म्हटलं, वर्गाची हकिगत लिहूनच कळवावी. समोर सांगायला लागले की तू मध्ये मध्ये बोलतेस.

वर्गात सगळी नातवंडांच्या वयाची. शिकवणारी बाई जन्मापासून ऐकू न येणारी, तिशीची आणि भलती कडक. माझी बोटं खळीत आणि दोऱ्यात मुरलेली. वाकायची तिथे ताठ राहतात आणि ताठ राहायची तिथे वाकतात. मागच्या खेपेला मी ‘उशीर झाला’ म्हणायला गेले, तर समोरचे दोघे पोट धरून हसले. मी काय म्हणाले, ते अजून कुणी सांगायला तयार नाही.

एक सांगते, चिडू नकोस. तिथे प्रत्येक वेळी नाव बोटांनी लिहीत बसत नाहीत, माणसाला एक खूण देतात. कुणाची दाढी, कुणाचा तीळ. मला दोन बोटं एकमेकांना चिकटवून दाखवतात, डिंकवाली म्हणून. बाईने विचारलं, भाचीची खूण काय? मी विचार करायच्या आत मूठ हनुवटीखाली धरली आणि पुढे ओढली. सगळ्यांना तुझं नाव लगेच पाठ झालं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे तुला नकोसं झालंय, नेमकं तेच मी तुझं नाव करून बसले. दुसरी खूण तू सुचव, मी बाईंना सांगून बदलते.

वर्ग सुटला की सगळे बाहेर पायऱ्यांवर बसतात. मीही बसते. निम्मं डोक्यावरून जातं. पण उठून जावंसं वाटत नाही. फार वर्षांनी घोळक्यात बसले.

मावशी


१२ ऑक्टोबर

मावशी,

उद्या दाखल व्हायचंय. आईने बॅग भरली, उपसली, पुन्हा भरली. तिने अजून ‘हो’ म्हटलेलं नाही, पण मिक्सर नवा आणलाय आणि कशाकशाचं पातळ करता येतं याचे प्रयोग माझ्यावर चाललेत. कालचा प्रयोग फसला.

भीती वाटते. आज दात घासताना हनुवटी हातात धरून उभी राहिले. इतकी वर्षं नावं ठेवली बिचारीला, आणि ऐन वेळी तिचीच दया यायला लागली. पण जायचं ते जायचंच.

माझी खूण तीच राहू दे. आरशासमोर करून बघितली. पायऱ्यांवरच्या मंडळींना मी आधीच माहीत आहे, मग कशाला बदलायची? ‘उघडा ड्रॉवर’ दुसऱ्यांनी ठेवलं होतं. हे तू ठेवलंस.

शुद्धीवर आल्यावर भेटू. येताना हात मोकळे ठेव, डबे-बिबे आणू नकोस.

मिठू


६ नोव्हेंबर

मावशी,

तू परत गेल्यापासून घर पुन्हा पाटीवर आलंय. आई प्रश्न विचारते, मी पाटीवर उत्तर लिहिते, तोवर ती तिसऱ्याच विषयावर पोचलेली असते. दुकानातल्या मुली भेटायला आल्या, त्या आपोआप मोठ्याने बोलायला लागल्या, जणू माझे कान गेलेत. दोघी तर माझ्यासमोरच माझ्याबद्दल आईशी बोलत होत्या. मी मध्ये पडायला पाटी शोधली, मिळेपर्यंत विषय संपला. तुझं कसं होत असेल, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

म्हणून तू दवाखान्यात आलीस, पिशवी खाली ठेवलीस आणि हात वर केलेस, तेव्हा मला रडू आलं. चार दिवस मी किती बोलले गं. नर्सला वाटलं आपण भांडतोय. भांडतही होतोच थोडं, कारण ‘दुखतंय’ची माझी खूण चुकीची असं तू म्हणत होतीस, आणि दुखत मला होतं.

सूज उतरते आहे. खालचा ओठ लाकडाचा झालाय, पाणी ओघळलं तरी कळत नाही. आरशात एक बाई असते. वाईट नाही, सरळ आहे. पण नव्या घरात राहायला गेल्यावर दिव्याचं बटण चाचपावं लागतं ना, तसं होतं तिच्याकडे बघताना. परवा शेजारीण आली, तर माझा हात आपसूक हनुवटीवर गेला. पश्चात्ताप नाही. आनंद झालाय का, ते अजून ठरत नाही.

सगळ्यांनी काही ना काही म्हटलं. आई म्हणाली, ‘बरी दिसतेस,’ आणि आत जाऊन रडली. मालक म्हणाले, आता कुठलीही फ्रेम चालेल. तू एकटी काही बोलली नाहीस. चार दिवस समोर बसून चांगलं नाही की वाईट नाही. पुन्हा तेच चाललंय का, मावशी? हे तोंड तुला वाचता येणार नाही हे तुला कळलं, आणि तू ते माझ्यापासून लपवलंस का? एकदाच विचारते. कशी दिसते मी?

मिठू


१३ नोव्हेंबर

मिठू,

लपवलेलं काही नाही. सांगते, पण हसू नकोस, रबरं ताणतील.

मी पाहिलंच नाही.

तू हातांनी इतकी धबाधबा बोलत होतीस की माझी नजर तुझ्या बोटांवरून हलली नाही. एक खूण निसटली की पुढचं सगळं हातचं जातं, वर बघायला सवड कुणाला? आमची बाई दर वर्गात माझी हनुवटी धरून वर करते. हातांकडे बघू नका, चेहऱ्याकडे बघा, हात आपोआप दिसतात. नवशिक्यांची खोड आहे म्हणे. तीच मी चारही दिवस केली.

मला पत्ताही नव्हता. परत आले तर पायऱ्यांवर सगळ्यांनी विचारलं, भाची कशी दिसते? मी सांगायला हात वर केले आणि ते तसेच राहिले. सलाइनची पट्टी कुठल्या मनगटावर होती ते सांगता आलं असतं. कुठलं नख तुटलंय तेही. तोंड काही आठवेना. सगळे हसले. बाई हसली नाही. तिने विचारलं, ‘मग भेटायला कुणाला गेला होतात?’ घरी आले तरी ते डोक्यातून जाईना.

तुझे ओठ आता वाचता येतील का, ते मला माहीत नाही. येणार नाहीत असं धरून चालले आहे. त्याचं वाईट वाटायचं तेव्हा वाटेल, आणि पुष्कळ वाटेल. पण आज मला दुसरीच घाई झाली आहे. कान गेल्यापासून मी तुझ्याकडे नुसतं बघितलं असं कधी झालंच नाही. आधी तोंड वाचत होते, आता बोटं वाचत होते. तू कशी दिसतेस हे तू जूनपासून विचारते आहेस आणि मी अजून बघितलेलं नाही.

फोटो पाठवू नकोस. रबरं सुटली की ये. आल्या आल्या बोलायला लागू नकोस. तोंडाने नको आणि हातांनीही नको. हात खिशात घाल आणि माझ्यासमोर गप्प उभी राहा.

मला तुला बघू दे.

मावशी